नोकरी सुटल्यानंतरचे नव्वद दिवस

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखादा कारखाना बंद पडला किंवा त्याने कामगार कमी केले, म्हणजे त्याची बातमी शहरातील वर्तमानपत्रात चार ओळींत येते. परंतु त्याचा खरा परिणाम दिसतो तो दूरच्या गावात. दरमहा येणारे पैसे थांबतात. सोसायटीचा हप्ता राहतो, मुलाची शाळेची फी राहते, म्हाताऱ्या आईचे औषध पुढच्या आठवड्यावर जाते. कामगार पिशवी घेऊन गावी परततो आणि विचारणाऱ्यांना ‘सुट्टीवर आलो आहे’ असे सांगतो. नोकरी जाणे हा जणू आपलाच काही अपराध आहे, अशी त्याची समजूत असते. या समजुतीमुळे तो कोणाला काही विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून जे त्याच्या हक्काचे आहे तेही त्याला मिळत नाही. आजच्या भाषणाचा विषय हा हक्क आहे: तो कोणाला मिळतो, कसा मागावयाचा आणि गावाने त्यात कोणते साहाय्य करावयाचे.

दान नव्हे, विमा

बेकारी ही व्यक्तीच्या आळसातून नव्हे, तर उद्योगधंद्यांच्या चढउतारातून उद्भवते, हे जगाने विसाव्या शतकाच्या आरंभी मान्य केले. ब्रिटनने १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा करून काही उद्योगांतील कामगारांसाठी बेकारी विमा सुरू केला. कामगार, मालक व सरकार या तिघांनी थोडेथोडे पैसे जमा करावयाचे आणि काम सुटले तर त्यातून कामगाराला ठरावीक काळ भत्ता द्यावयाचा, अशी ती व्यवस्था होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ मध्ये सामाजिक सुरक्षिततेच्या किमान प्रमाणांविषयी जो करार संमत केला, त्यात आजारपण, वार्धक्य, प्रसूती यांच्या बरोबरीने बेकारीलाही स्थान दिले.

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात, राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत काम मिळण्याचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क उपलब्ध करून द्यावा, असे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे या योजनेचे उद्घाटन झाले. आजारपण, प्रसूती व कामावरील अपघात यांपासून संरक्षण हा तिचा मूळ हेतू होता. बेकारी मात्र दीर्घकाळ तिच्या कक्षेबाहेर राहिली.

ही उणीव भरून काढण्याचे पहिले पाऊल १ एप्रिल २००५ रोजी पडले. त्या दिवसापासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना लागू झाली. कारखाना बंद पडल्याने किंवा कामगार कपातीमुळे, तसेच कामाशी संबंध नसलेल्या अपघाताने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आल्यामुळे ज्या विमाधारकाची नोकरी गेली, त्याला तीत भत्ता व वैद्यकीय साहाय्य देण्याची तरतूद होती. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. कपातीची सर्व कायदेशीर प्रक्रिया पार पडली नसली तरी ज्याचे काम सुटले आहे, अशा विमाधारकाला आधार देणे हे तिचे वैशिष्ट्य होय. कंत्राटी कामगारांची संख्या वाढलेल्या या काळात तिचे महत्त्व अधिक आहे. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा भत्ता म्हणजे सरकारने केलेले दान नव्हे. १ जुलै २०१९ पासून विम्याच्या अंशदानाचा दर कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असा ठरला. दरमहा १५,००० रुपये मिळविणाऱ्याच्या नावावर याप्रमाणे दरमहा ६०० रुपये जमा होतात. त्यांपैकी सुमारे ११३ रुपये त्याच्या स्वतःच्या पगारातून कापलेले असतात. ज्याने हप्ते भरले, त्याने संकटाच्या वेळी विम्याची रक्कम मागावी, यात कमीपणा कसला?

पात्र कोण?

पहिली अट अशी की, नोकरी विम्याखाली असली पाहिजे. साधारणपणे दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेले कारखाने या योजनेत येतात आणि १ जानेवारी २०१७ पासून वेतनाची मर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरली. कामगार कंत्राटदारामार्फत आलेला असला तरी तो विम्याबाहेर राहत नाही.

दुसरी अट मुदतीची. काम सुटण्यापूर्वी त्याने किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी केलेली असावी.

तिसरी अट अंशदानाच्या दिवसांची. ती थोडी किचकट वाटते. पण एकदा समजली की सोपी आहे. विम्याच्या हिशेबासाठी वर्षाचे दोन भाग पाडलेले असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. या प्रत्येक सहामाहीला अंशदान कालावधी म्हणतात. मूळ योजनेत अशा चारही कालावधींत प्रत्येकी किमान ७८ दिवसांचे अंशदान आवश्यक होते. कोविडच्या साथीत २०२० मध्ये ही अट सैल करण्यात आली. काम सुटण्याच्या लगतपूर्वीच्या कालावधीत ७८ दिवस आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी कोणत्याही एकात ७८ दिवस भरले असले म्हणजे पुरे, असे ठरले.

चौथी अट काम सुटण्याच्या कारणाविषयी आहे. गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढून टाकलेला, वयोमानाने निवृत्त झालेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला किंवा आपण होऊन काम सोडलेला कामगार या भत्त्यास पात्र ठरत नाही. बेकायदेशीर ठरविलेल्या संपात भाग घेतल्यामुळे काम नसेल, तर त्या काळासाठीही भत्ता नाही. एकाहून अधिक ठिकाणी नोकरी करणारा मनुष्य सर्व ठिकाणचे काम सुटले तरच बेकार मानला जातो. दुसऱ्या एखाद्या योजनेतून त्याच काळासाठी अशीच रोख मदत मिळत असेल, तर हा भत्ता मिळत नाही.

रक्कम किती?

आरंभी भत्त्याचे प्रमाण सरासरी दैनिक कमाईच्या २५ टक्के होते आणि नोकरी सुटल्यापासून ९० दिवस लोटल्यावर दावा करता येत असे. २४ मार्च २०२० पासून हे प्रमाण ५० टक्के झाले आणि प्रतीक्षेचा काळ ३० दिवसांवर आला. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा आणि आयुष्यात एकदाच मिळावयाचा, ही मर्यादा ठेवण्यात आली. सैल केलेल्या या अटींची मुदत त्यानंतर वेळोवेळी वाढविण्यात आली. म्हणून प्रत्येक अर्जदाराने आपल्या भागातील शाखा कार्यालयात त्या दिवशी लागू असलेला दर व अटी विचारून घेणे इष्ट होय.

हिशेब कसा होतो ते उदाहरणाने पाहावे. एखाद्याला सलग दोन वर्षे दरमहा १५,००० रुपये मिळत होते. चार कालावधींची त्याची एकूण कमाई ३,६०,००० रुपये झाली. तिला दोन वर्षांच्या ७३० दिवसांनी भागिले म्हणजे सरासरी दैनिक कमाई सुमारे ४९३ रुपये येते. तिच्या निम्मे, म्हणजे दिवसाला सुमारे २४६ रुपये, हा भत्ता झाला. नव्वद दिवसांचे सुमारे २२,१९० रुपये होतात. मध्यंतरी काम खंडित झाले असेल तर कमाई घटते, पण भाजक ७३० हाच राहतो. त्यामुळे भत्ताही कमी होतो.

बावीस हजारांत संसार चालत नाही, हे खरे आहे. तथापि सावकाराच्या दारात जाण्यापूर्वी तीन महिन्यांची उसंत त्यातून मिळते, आणि नवे काम शोधणाऱ्याला या उसंतीची किंमत फार मोठी असते.

दोन कामगार, एकच दिवस

नियम वाचून जे ध्यानात येत नाही ते कधी कधी दोन माणसांची तुलना केल्याने येते. असे समजू या की, औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून १० जानेवारी २०२५ रोजी दोन कामगारांचे काम एकाच वेळी सुटले. दोघेही एकाच तालुक्यातले, दोघांचा पगार सारखा, दोघांची नोकरी चार वर्षांची.

पहिल्याने निघताना ‘काम कमी झाल्यामुळे सेवा समाप्त’ असे लिहिलेले पत्र मागून घेतले. त्याचा विमा क्रमांक पहिल्या दिवसापासून एकच होता. एप्रिल ते सप्टेंबर २०२४ या लगतपूर्वीच्या कालावधीत त्याचे दिवस ७८ हून कितीतरी अधिक भरले होते. गावी येताच त्याने शाळेतील गुरुजींना सारे सांगितले. गुरुजींनी विम्याचे ओळखपत्र, आधारपत्र आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून तिन्हींवरील नाव ताडून पाहिले. तीस दिवस उलटताच अर्ज दाखल झाला आणि पुढे पैसे थेट बँकेच्या खात्यात जमा झाले.

दुसऱ्याची हकीकत निराळी. कारखान्यातील कंत्राटदार जून २०२४ मध्ये बदलला आणि नव्या कंत्राटदाराने त्याला नवा विमा क्रमांक काढून दिला. जुना क्रमांक सांगावयाचा असतो हे त्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे कागदोपत्री त्याची विमापात्र नोकरी जेमतेम सात महिन्यांची दिसू लागली. जाताना ‘हिशेब हवा असेल तर येथे सही कर’ असे सांगून त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवण्यात आला. त्यावर इंग्रजीत ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असा मजकूर होता. त्याने सही केली. गावी येऊन तो मजुरीला लागला. चौदा महिन्यांनी एका लग्नात त्याची पहिल्या कामगाराशी गाठ पडली, तेव्हा त्याला या योजनेचे नाव प्रथम कळले. परंतु दावा काम सुटल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ती मुदत केव्हाच उलटून गेली होती.

दोघांनी अंशदान सारखेच भरले. एकाला त्याचे फळ मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही. हा फरक पडला तो एका सहीमुळे, एका क्रमांकामुळे आणि वेळेवर कोणी न सांगितल्यामुळे.

अर्जाची वाट

अर्जाची पद्धत आता बरीच सुलभ झाली आहे. मूळ पद्धतीत दावा मालकामार्फत पुढे जात असे. ज्याने कामावरून काढले त्याच्याच दारात पुन्हा उभे राहणे अनेकांना जड जाई. २०२० मध्ये ही अट काढण्यात आली. कामगाराला विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः दावा भरण्याची आणि तो आपल्या शाखा कार्यालयात थेट सादर करण्याची मुभा मिळाली. पूर्वी दाव्यासोबत मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेही काढून टाकण्यात आले.

दावा भरण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, विम्याच्या नोंदीतील नाव व जन्मतारीख आधारपत्राप्रमाणे आहे की नाही. दुसरी, बँकेचे खाते चालू आहे आणि विम्याच्या नोंदीशी जोडलेले आहे की नाही. तिसरी, प्रत्येक कालावधीत किती दिवसांचे अंशदान जमा दिसते. पगारातून पैसे कापले गेले पण भरले गेले नाहीत, असे आढळल्यास शाखा कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी व पगारपत्रके जोडावीत. चौथी, मालकाने काम सुटल्याचे कारण काय नोंदविले आहे. ‘नोकरी सोडली’ आणि ‘सेवा समाप्त केली’ या दोन शब्दप्रयोगांतील अंतर येथे फार महत्त्वाचे ठरते. नोंद चुकीची असेल तर सेवासमाप्तीचे पत्र पुरावा म्हणून उपयोगी पडते. राजीनामा धाकाने किंवा फसवून घेतला असेल, तर विलंब न करता कामगार आयुक्तालयाच्या नजीकच्या कार्यालयात दाद मागावी.

दावा झालेल्या दिवसांचाच करता येतो, पुढे येणाऱ्या दिवसांचा नाही. मध्येच नवी नोकरी लागली तर ती लपवू नये. तोपर्यंतच्या बेकारीच्या दिवसांचा भत्ता मिळतोच. खोटे निवेदन केल्यास हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. दावा दिल्यावर तारखेसह पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

औषधोपचाराचाही विसर पडू नये. एप्रिल ते सप्टेंबर या कालावधीच्या अंशदानाचे लाभ पुढील जानेवारी ते जून या काळात मिळतात. वरील उदाहरणातील कामगाराचे काम जानेवारीत सुटले, म्हणून त्याच दिवशी विम्याच्या रुग्णालयाचे दार त्याला बंद होत नाही. घरात आजारी माणूस असेल तर ही माहिती भत्त्याइतकीच मोलाची आहे.

मालकाकडून येणे

विम्याचा भत्ता आणि मालकाने द्यावयाची भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये दुरुस्ती होऊन कपातीच्या भरपाईचे तत्त्व आले: एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने हे तत्त्व कायम ठेवले आणि त्यात भर घातली. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या अखेरच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरावयाची असून ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. वेतन संहितेनुसार काम सुटल्यावर राहिलेले वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावे लागते. हिशेबाची लालूच दाखवून राजीनाम्यावर सही घेणाऱ्यास हा नियम दाखविता येईल. कारण हिशेब हा सहीचा मोबदला नसून कायद्याने येणे असलेली रक्कम आहे.

जे विम्याबाहेर आहेत

शेतमजूर, वीटभट्टीवरचे मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, छोट्या दुकानातील नोकर यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला हा विमा येत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्याबाबत महाराष्ट्राने वेगळी वाट चोखाळली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर आधार ठरली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, हे तत्त्व त्या कायद्याने स्वीकारले आणि २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही ते आले. परंतु त्या व्यवस्थेचा अनुभवही हेच सांगतो की, ज्याच्या हाती कामाच्या मागणीची तारीखवार पोच होती, त्यालाच भत्ता मागता आला. तोंडी मागणीची नोंद राहत नाही, आणि नोंद नसली की हक्क सिद्ध करता येत नाही.

गावाचे काम

शहरातील शाखा कार्यालय गावापासून साठ-सत्तर किलोमीटर दूर असते. ग्रामपंचायत व शाळा मात्र हाकेच्या अंतरावर असतात. म्हणून या कामी ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांचा वाटा मोठा आहे. त्यासाठी निधी लागत नाही, ठरावही लागत नाही.

गावातील कोणकोण बाहेरगावी कारखान्यात नोकरीला आहे, याची बहुतेक सदस्यांना कल्पना असतेच. दिवाळीत आणि गावच्या जत्रेत ही मंडळी घरी येतात. त्या वेळी एक संध्याकाळ चावडीत किंवा शाळेत त्यांना बोलावून तीन गोष्टी सांगाव्यात: कंत्राटदार बदलला तरी विमा क्रमांक जुनाच सांगा, न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका, नोकरी सुटली तर महिना उलटताच दावा करा, वर्ष उलटू देऊ नका. ग्रामपंचायतीच्या संगणकावर नावातील फरक तपासता येतो. शिक्षकांना इंग्रजी पत्र वाचून दाखविता येते. एखाद्या विद्यार्थ्याची फी एकाएकी थकली किंवा तो अचानक गैरहजर राहू लागला, तर वडिलांचे काम सुटले आहे काय, अशी आपुलकीने चौकशी करता येते.

अधिकाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. खिडकीशी उभा असलेला बेकार कामगार अर्धा दिवस प्रवास करून, उसने पैसे घेऊन आलेला असतो. एखादा कागद कमी असेल तर ‘उद्या या’ असे म्हणण्याऐवजी कोणता कागद कमी आहे ते लिहून द्यावे. त्याची दुसरी खेप तरी वाया जाणार नाही.

नोकरी देणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही, शिक्षकाच्याही हाती नाही. परंतु ज्याने वर्षानुवर्षे आपल्या पगारातून विम्याचे पैसे भरले, त्याचा हक्क केवळ अज्ञानामुळे बुडू न देणे मात्र निश्चित त्यांच्या हाती आहे. वर सांगितलेल्या दुसऱ्या कामगाराला लग्नाच्या मांडवात जी माहिती चौदा महिन्यांनी मिळाली, ती त्याच्याच गावात पहिल्या महिन्यात मिळावी, एवढीच या भाषणामागील अपेक्षा आहे.